ताईचा अंक, माझी कात्री

६ फेब्रुवारी

भावजींनी आज मला संपादक केलं.

झालं असं, की ते चहा गाळत होते आणि मी त्यांच्या ओट्याशी उभा राहून बिस्किटांच्या पुड्यावरचा मजकूर वाचत होतो. त्यात एक ओळ दोनदा छापली होती. ती मी त्यांना दाखवली. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तूच कर."

"काय करू? कंपनीला कळवू?"

"तुझ्या ताईचा स्मरणअंक. सगळे म्हणतायत, तिच्याबद्दल लिहून देतो. तिच्याबरोबर काम केलेले, तिचे दोस्त, तिचे सर. ते गोळा करायचं, नीट करायचं, छापायला द्यायचं. त्याला तुझ्यासारखा रिकामा..." इथे ते अडखळले आणि म्हणाले, "तुझ्यासारखा जाणता माणूस हवा."

रिकामा मी आहेच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. औषधाच्या खोक्यात जो पातळ, घड्या घातलेला कागद असतो ना, जो लोक गोळी काढताना फेकून देतात, त्याची प्रुफं मी आयुष्यभर तपासली. मी बिनचूक केलेलं एकही वाक्य आजवर कुणी वाचलेलं नाही. मागच्या वर्षी निवृत्त झालो. तेव्हा कंपनीने भेट म्हणून भिंग दिलं.

आणि ताई? ताई चाळीस वर्षं नदीकाठी पाणमांजरांच्या मागे होती. ती कुठे राहतात, काय खातात, कुणाचं कुणाशी पटत नाही. परदेशातून माणसं तिला विचारायला यायची. नोव्हेंबरात एका सकाळी नदीवर जायचे बूट घालायला ती दारात खाली बसली, ती उठलीच नाही. बूट एकाच पायात होता, असं भावजी सांगतात. दर वेळी सांगतात.

त्या चाळीस वर्षांत तिने नदीवर कुणाला नेलं नाही? विद्यार्थ्यांना नेलं, पत्रकारांना नेलं, भावजींच्या ऑफिसातल्या लेखापालालासुद्धा नेलं. मला मात्र एकदाही 'चल' म्हणाली नाही. मी काही मनाला लावून घेत नाही. पण बोलावलं असतं तर गेलो असतो, एवढंच.

परत येताना फेरीबोटीने लवकर आलो असतो, पण तिच्या इंजिनाच्या धुराने मला मळमळतं. दोन बस बदलून पुलावरून आलो. पूल येतो तेव्हा मी पेपर वाचतो.

९ फेब्रुवारी

पहिला लेख आला. छायाचित्रकाराचा. पहिल्या दोन पानांत ताई एकदाच येते, आणि तेव्हा ती त्यांच्या कॅमेऱ्याचा स्टँड धरून उभी असते.

बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, ताईंचा आहे ना अंक?"

"पुढे येतील ताई. संपादन म्हणजे काय असतं मग?"

संपादक म्हणून मी नियम ठरवले आहेत. पहिला नियम: एकच गोष्ट दोन ठिकाणी आली की एक कापायची. औषधाच्या कागदावर 'दिवसातून दोनदा' हे दोनदा छापलं तर माणूस चार गोळ्या खाईल. दुसरा नियम अजून सुचलेला नाही.

१३ फेब्रुवारी

ताईचे सर नव्वदीच्या घरात आहेत. त्यांचा लेख आला आणि मी कपाळाला हात लावला. तो लेख नाही, शिफारसपत्र आहे. 'सदर विद्यार्थिनी कष्टाळू असून तिची निरीक्षणशक्ती असामान्य आहे. ती थोडी हट्टी आहे, परंतु तिला संधी दिल्यास आपणांस पश्चात्ताप होणार नाही.' खाली सही, शिक्का.

मी फोन केला. शक्य तितक्या हळुवारपणे म्हणालो, "सर, ताई गेली हो."

"माहितीये की मला," सर म्हणाले. "कुठे गेली ते माहीत नाही. नवीन जागी जाताना जवळ चांगलं पत्र असावं माणसाच्या."

म्हातारपण, दुसरं काय. मी सगळी क्रियापदं भूतकाळात नेली. कष्टाळू होती, हट्टी होती. आता निदान लेखासारखं वाचता येतं.

१५ फेब्रुवारी

पशुवैद्याचा लेख बरा आहे. ताईच्या घरच्या फ्रिजमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात पाणमांजरांची विष्ठा असायची, हे त्याने मजेशीर लिहिलंय. मला ती गोष्ट तशी मजेशीर वाटत नाही. मी तो डबा एकदा चमचा घेऊन उघडला होता.

पुढे एका पाणमांजराबद्दल लांबण लावली आहे. ताई प्रत्येकाला गळ्यावरच्या ठिपक्यांवरून ओळखायची आणि नाव द्यायची. याचं नाव तक्रारे. त्याच्या मागच्या पायाला लहानपणी काही इजा झाली होती, म्हणून तो धारेत जायचा नाही, काठच्या उथळ पाण्यातच मासे धरायचा. बाकीचे खोल पाण्यात गेले, की हा काठावरून जो आरडाओरडा सुरू करायचा, तो सगळे परत बाहेर येईपर्यंत. 'बाई म्हणायच्या, याला वाटतं की आपण ओरडतो म्हणूनच बाकीचे बुडत नाहीत.'

गंमत आहे. चाळीस वर्षं माणूस शास्त्र करतो, आणि लोकांच्या लक्षात काय राहतं, तर एक किरकिरं जनावर.

आज खुर्चीचा एक पाय हलतोय, शेजाऱ्यांचं ड्रिल सुरू आहे आणि चहात साखर कमी होती. तिन्ही गोष्टी बायकोच्या कानावर घातल्या.

१७ फेब्रुवारी

छायाचित्रकाराच्या लेखाच्या शेवटी ताई आली खरी, पण सोबत पुन्हा तोच तक्रारे! 'मासा हातात आला, की तक्रारे आधी तो उलटासुलटा करून नीट तपासायचा, जणू त्यात काहीतरी चुकलेलं असणारच. बाई हसून हसून खाली बसायच्या.' नियम म्हणजे नियम. कापलं.

दुपारी ताईच्या एका विद्यार्थिनीचा लेख आला. तिसऱ्या परिच्छेदात तक्रारे. कापला.

१८ फेब्रुवारी

बोटवालीने स्वतःच्या हाताने लिहून पाठवलंय, मोठ्या, गोल अक्षरात. तिने वीस-बावीस वर्षं ताईची बोट चालवली. तिचं लिहिणं सरळ आहे, कुठे फुगवलेलं नाही. फक्त शेवट विचित्र आहे: 'नोव्हेंबरपासून बाई दिसल्या नाहीत.'

मी भावजींना विचारलं, हे काय? ते म्हणाले, तो ताईचा दंडक होता. रोज सकाळी मोजणी करताना एखादं जनावर आलं नाही, तर 'दिसलं नाही' एवढंच लिहायचं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'मेलं' लिहायचं नाही.

"पण भावजी, इथे तर आपण सगळ्यांनी पाहिलंय."

"हो," ते म्हणाले. "एकाच पायात होता रे बूट."

मी ती ओळ 'बाईंचं निधन झालं' अशी केली. बिनचूक आहे. वाचल्यावर का कोण जाणे, औषधाच्या कागदावरची वाटते.

आणि हो, या लेखातही तक्रारे होता. सरळ पानभर. आता त्या प्राण्याचं नाव जरी दिसलं तरी माझं डोकं उठतं. पशुवैद्याच्या लेखातला धरून चारही ठिकाणचा कापून टाकला.

२१ फेब्रुवारी

आता माझा लेख. भावजींनी शेवटचं पान माझ्यासाठी ठेवलंय. 'भावाने समारोप करावा.'

'माझी ताई' असं शीर्षक लिहिलं. तिसरीतल्या निबंधासारखं दिसलं. खोडलं. 'एक तपस्विनी' असं लिहिलं. आइस्क्रीमचा डबा आठवला. खोडलं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाकीच्यांकडे पहाट आहे, धुकं आहे, बोट आहे, ताईने हळूच दाखवलेली पिल्लं आहेत. माझ्याकडे रविवारचा फोन आहे. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. मी बोलायचो: गच्चीची गळती, बँकेतली रांग, कंपनीतल्या नव्या साहेबाचे स्वल्पविराम. ती ऐकायची. मधेच फसकन हसायची. कशाला, ते मला कधी कळलं नाही. मी तर गळतीबद्दल बोलत असायचो. नदीबद्दल मी कधी विचारलं नाही. जिने बोलावलं नाही तिला मी आपण होऊन का विचारावं?

लहानपणचं म्हणावं तर मामाच्या घरामागच्या तळ्यात मी एकदा पडलो होतो, ताईने केसांना धरून बाहेर ओढलं. तेव्हापासून मी केस बारीक ठेवतो. पण हे काही स्मरणअंकात घालण्यासारखं नाही.

आज उगीच मनात येऊन गेलं ते इथे लिहून टाकतो, इथे कुणी वाचणार नाही. ताईला माझ्याबद्दल काय वाटायचं, ते मला माहीत नाही. एवढ्या लोकांनी एवढी पानं लिहिली. त्यात 'बाईंचा भाऊ' कुठे येतो का, म्हणून मी प्रत्येक लेख आधी चाळून बघतो. संपादन वगैरे नंतर. अजून कुठे आलेला नाही. साठीला आलेला माणूस दुसऱ्याच्या श्रद्धांजलीत स्वतःचं नाव शोधतो, म्हणजे छायाचित्रकाराला मी हसायला नको होतं.

२६ फेब्रुवारी

प्रुफं तयार झाली. ज्याच्या त्याच्या लेखाची प्रत ज्याला त्याला पाठवायला छापखान्यात नेऊन दिली. छापखाना पलीकडच्या काठावर आहे. आज वेळ कमी होता म्हणून फेरीच्या धक्क्यापर्यंत गेलो होतो. पण नवे बूट घातले होते आणि पायऱ्यांवर शेवाळ होतं. नव्या बुटांनी शेवाळावर कोण पाय ठेवेल? दोन बस.

१ मार्च

बंड!

सकाळी पशुवैद्य: "साहेब, माझा तक्रारे कुठाय?" मी समजावलं, की तो इतरांच्याही लेखात होता. "मग इतरांचा कापा ना." अर्ध्या तासाने छायाचित्रकार: "तक्रारे नसेल तर माझं नाव काढा." (हा प्रस्ताव मी क्षणभर मनापासून विचारात घेतला.) मग विद्यार्थिनी, ती तर रडवेली: "काका, त्याच्याशिवाय बाई पुऱ्या कशा होतील?" मी म्हणालो, अगं, जनावर आहे ते. तिने विचारलं, "काका, तुम्ही... तो भाग वाचलात ना नीट?"

औषधांच्या कागदांची प्रुफं पस्तीस वर्षं तपासणाऱ्याला विचारते, नीट वाचलं का!

एका बाजूला नियम, दुसऱ्या बाजूला हे त्रिकूट. जनावर नदीवर किरकिर करायचं ते करायचं, आता माझ्या घरातही त्याच्यावरून किरकिर.

२ मार्च

बायको म्हणाली, "बघू तरी, काय कापलंत एवढं." मी कापलेले सगळे परिच्छेद तिच्यासमोर ठेवले आणि भाजी आणायला गेलो. भाजीवाल्याने टोमॅटोंत एक नासका घातला होता, तो परत करून यायला वेळ लागला.

आलो तर ती जेवणाच्या टेबलाशी बसून हसत होती. पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती. मधेच नुसतीच रडायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही. टोमॅटो परत केलात?"

"करणार नाही तर काय? नासका होता."

ती पुन्हा हसायला लागली. मग उठून आत जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. आमच्यात असं काही करायची पद्धत नाही. मला वाटलं, तिला ताप असावा.

४ मार्च

आज बोटवाली घरी आली. थेट. फोन नाही, काही नाही. चपला दारात काढल्या आणि बसायच्या आधीच म्हणाली, "दादा, तक्रारेला कुठं घालवलात?"

मी म्हणालो, "बसा तरी. हे बघा, सगळ्यांनी तेच तेच लिहिलंय. चार लेखांत एकच गोष्ट. वाचणाऱ्याला कंटाळा येतो."

"बाई रोज सांगायच्या. आम्हाला नाही आला कंटाळा." मग ती खुर्चीत बसली. नेमकी पाय हलणारी खुर्ची. "दादा, त्या दिवशी प्रुफं द्यायला फेरीनं का नाही आलात?"

"मी? तुम्हाला काय माहीत?"

"धक्क्यावरच होते मी. तुम्ही आलात, पायऱ्या बघितल्यात, पाणी बघितलंत आणि फिरलात मागं."

"नवे बूट होते."

"बाई म्हणाल्याच होत्या. आधी धूर म्हणेल, मग बूट म्हणेल."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"मी विचारलं होतं एकदा बाईंना," बोटवाली म्हणाली. "सगळ्या जगाला आणता, भावाला का नाही आणत? तर म्हणाल्या, त्याला पाण्याची भीती वाटते. तळ्यात पडला होता ना लहानपणी, तेव्हापासून. पण ते तो कबूल करायचा नाही, आणि मी बोलावलं तर मला नाहीही म्हणायचा नाही. येईल. बोटीत ताठ बसेल, माझ्याशी हसून बोलेल, आणि घरी जाऊन आठवडाभर अंथरूण धरेल. त्यापेक्षा नकोच बोलवायला. मी म्हटलं, त्यांना राग येत असेल की. तर म्हणाल्या, येऊ दे. राग परवडला."

मी उठून घोटभर पाणी प्यायलो.

"सोमवारी बोटीत आलं की पहिलं तुमचंच. काल काय म्हणाला माहितीये का, गच्चीचं असं झालं, बँकेत तसं झालं. नक्कल करून सांगायच्या. आम्ही पोट धरून हसायचो. तसल्यातच ते पिल्लू सापडलं, पायानं अधू. काठावरनं सगळ्यांच्या नावानं ओरडायला लागलं. बाई म्हणाल्या, अरे देवा, हा इथंही आला का!"

"म्हणजे तक्रारे..."

"आता कळलं?"

"मला आधीच कळलं होतं," मी म्हणालो.

आतून बायको खोकली.

बोटवाली गेल्यावर मी न्हाणीघरात गेलो आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडलो. घरात फक्त बायको होती आणि तिला सगळं माहीत होतं, तेव्हा पाणी फुकट गेलं. रडून झाल्यावर मला ताईचा भयंकर राग आला. चाळीस वर्षं! मी तिच्यावर रुसलोय हे तिला कळत होतं, कशावरून रुसलोय तेही कळत होतं, आणि दर रविवारी बाईसाहेब गप्प बसून गच्चीची गळती ऐकत होत्या! एका शब्दाने म्हणाली असती तर... तर मी म्हणालो असतो, छे, भीती कसली, धुराचा त्रास होतो फक्त. हे तिला माहीत होतं. हेच तर. आता भांडायचं तरी कुणाशी? सगळ्यात मोठी तक्रार हातात आली, आणि ऐकणारी नाही.

ताई, तुझी फार आठवण येते गं.

५ मार्च

छापखानेवाल्याला फोन करून सांगितलं, कापलेलं सगळं परत घाला.

"सगळं? अहो, एकच गोष्ट चार ठिकाणी येतेय."

"येऊ दे."

"तुम्हीच तर म्हणाला होतात, माणूस चार गोळ्या खाईल."

"खाऊ दे."

सरांची क्रियापदं वर्तमानकाळात परत नेली. कष्टाळू आहे, हट्टी आहे, संधी द्यावी. बोटवालीचा शेवट होता तसा केला. भिंग घेऊन पुन्हा एकदा सगळं तपासलं. माझ्या संपादनातलं आता काहीही उरलेलं नाही. अंक जसा आला तसा झालाय, फक्त महिनाभर उशिरा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

माझं पान मात्र कोरंच आहे. भावजींना म्हणालो, ते काढून टाका, मी प्रकाशनाच्या दिवशी तिथे समारंभातच बोलेन.

"तिथे म्हणजे तळावर?" भावजींनी विचारलं. तळ म्हणजे ताईची नदीकाठची कामाची खोली. पलीकडच्या बाजूला, झाडीत. तिकडे रस्ता नाही. पूल नाही. बस नाही. एकही नाही, दोनही नाही.

"हो, तळावर," मी म्हणालो. ताई म्हणाली होती ते अगदी खरं आहे. मला नाही म्हणता येत नाही.

१० मार्च

आरशासमोर उभा राहून 'नाही' म्हणायचा सराव केला. आरशातला माणूस लगेच 'बरं, बरं' म्हणाला.

बायको म्हणते, "सांगून टाका ना भावजींना." मी म्हणालो, लोक काय म्हणतील? पाणमांजरांवर आयुष्य काढलेल्या बाईचा भाऊ, आणि पाण्याला भितो! ती म्हणाली, "लोकांना ठाऊक आहे. छापून आणलंय तुम्हीच, चार ठिकाणी."

१५ मार्च

आज समारंभ झाला. जमेल तसं लिहितो.

सकाळी मी आणि बायको धक्क्यावर पोहोचलो तेव्हा अर्धे लोक पलीकडे गेले होते. तिकडे खुर्च्या मांडलेल्या दिसत होत्या, टेबलावर ताईचा फोटो. पशुवैद्य आणि छायाचित्रकार बोटीत बसलेले. भावजी बोटीत चढायच्या फळीजवळ थांबले होते, त्यांनी हात पुढे केला. "चल."

मी फळीवर एक पाय ठेवला. फळी हलली. खाली पाणी हिरवं होतं आणि त्याचा तळ दिसत नव्हता. आणि मग माझ्या ओठांवर, अगदी आपोआप, धूर आला. त्याच्यामागे बूट आले. बोटवाली इंजिनाजवळ उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. दोरीची गाठ उगीचच सोडत-बांधत होती.

"मला पाण्याची भीती वाटते," मी म्हणालो. "मी येणार नाही."

इतक्या मोठ्याने म्हणायचं नव्हतं. पलीकडच्या काठावरच्या लोकांनी वळून पाहिलं.

भावजींनी पुढे केलेला हात मागे घेतला. मला वाटलं आता म्हणतील, अरे, आजच्या दिवशी तरी. ते बोटवालीला म्हणाले, "सगळं इकडे आणता येईल?"

"का नाही?" तिने दोरी सोडली.

मग खेपा सुरू झाल्या. खुर्च्या आल्या, टेबल आलं, अंकांचे गठ्ठे आले, ताईचा फोटो विद्यार्थिनीच्या मांडीवर बसून आला. सर त्यांच्या चाकाच्या खुर्चीसकट आले. मी काठावर उभा होतो आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. "सरांना मधे घ्या, मधे! अहो, सगळे एका बाजूला कशाला उभे राहता? छायाचित्रकार, आधी बसा, फोटो नंतर! ते गठ्ठे भिजतील! सावकाश! सावकाश!" शेवटची खेप काठाला लागली आणि शेवटचा माणूस जमिनीवर आला, तेव्हा कुठे मी गप्प झालो. माझा घसा बसला होता. पशुवैद्याने छायाचित्रकाराला कोपर मारलं आणि दोघंही तोंड फिरवून हसले. हसू देत. कुणी बुडालं नाही.

धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत, झाडांखाली, समारंभ झाला. जागा अपुरी होती, निम्मे उभेच होते. सरांनी त्यांचं पत्र स्वतः वाचलं. वाचून झाल्यावर नीट घडी घातली आणि ताईच्या फोटोच्या चौकटीत खोचलं. कुणी हसलं नाही. बोटवाली शेवटच्या ओळीशी आली आणि थांबली. मग तिने ती ओळ नदीकडे बघत म्हटली.

मग माझी पाळी. मी खिशातून कागद काढला. तो कोरा होता हे फक्त बायकोला माहीत होतं.

म्हणालो, "या अंकात तुम्ही सगळ्यांनी लिहिलंय, की ताईने तुम्हाला नदीवर बोलावलं. मला तिने कधी बोलावलं नाही. माझी एवढी काळजी दुसऱ्या कुणीच घेतलेली नाही."

आणखी दोन-तीन वाक्यं मनात होती, चांगली होती, पण आवाज गेला. घसा आधीच बसलेला. मी खाली बसलो. बसल्यावर लक्षात आलं, की माझी खुर्ची सगळ्यांत पुढे, उताराच्या कडेला होती आणि समोर नुसतं पाणी होतं.

भावजी उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि माझ्या आणि पाण्याच्या मधे आणून ठेवली. नदीकडे पाठ करून बसले. "तिकडे ऊन लागत होतं," म्हणाले.

झाडांखाली सगळीकडे सावली होती.